सैतानाची टिंगल करावी का? (यहूदा ९ आणि याकोब ४:७ यांच्या मध्ये अडकलेला प्रश्न)

काठावरचा

आमच्या तरुणांच्या गटात एक छोटं नाटुकलं बसवायचं चाललंय. त्यात सैतानाचं पात्र आहे. शिंगं, शेपूट, दर वाक्याला आपटी खाणारा, शेवटी सगळे मिळून त्याला हुसकावतात. मुलं हसून हसून लोळतात. पण मंडळीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी संहिता वाचून सरळ नकार दिला. म्हणाले, नव्या करारातलं यहूदाचं पत्र उघडा, नववं वचन वाचा, मग ठरवा.

वाचलं. मोशेच्या शरीरावरून सैतानाशी वाद चालला असताना खुद्द मीखाएल, आद्यदेवदूत, त्याच्यावर निंदेचे शब्द उच्चारायला धजला नाही. "प्रभू तुला धमकावो" एवढंच म्हणाला. २ पेत्र २:१०-११ मध्येही तोच सूर आहे. बलाने मोठे असलेले देवदूत जिथे जीभ आवरतात, तिथे ही उद्धट माणसं बेधडक निंदा करतात, असं.

आता दुसरी बाजू. संदेष्टा एलीया बआल या दैवताच्या संदेष्ट्यांना चिडवतो की मोठ्याने ओरडा, तुमचा देव झोपला असेल, प्रवासाला गेला असेल (१ राजे १८:२७). स्तोत्र २ मध्ये स्वर्गात बसलेला हसतो. कलस्सै २:१५ म्हणतं की ख्रिस्ताने सत्ता आणि अधिकार यांना नि:शस्त्र करून त्यांचं उघड प्रदर्शन केलं. जाहीर फजितीच की ती!

मग हसायचं की नाही? आणि "सैतानाला अडवा" (याकोब ४:७) म्हणजे नेमकं काय करायचं? जाणकारांनी लिहावं. माझं मत अजून बनलेलं नाही.

मोहरीचा दाणा

ज्येष्ठांचं बरोबर आहे.

एलीयाने टिंगल केली ती मूर्तीची आणि तिच्या पुजाऱ्यांची. बआल उत्तर देत नाही कारण तिथे कोणी नाहीच. सैतानाच्या बाबतीत "कोणी नाही" असं शास्त्र म्हणत नाही. दोन्ही प्रसंग एका मापाने मोजू नका.

मीखाएल काय करतो? शब्द उसने घेतो. जखऱ्या ३ काढून बघा. प्रमुख याजक यहोशवा मळकी वस्त्रं घालून उभा आहे, सैतान त्याच्या उजव्या हाताला आरोप करायला, आणि धमकावतो कोण? परमेश्वर. यहोशवा त्या सगळ्या दृश्यात एक शब्द बोलत नाही. त्याची वस्त्रं बदलली जातात, बस्स.

आणि प्रभू स्वतः? अरण्यात सैतानाने परीक्षा घेतली तेव्हा तीन उत्तरं, तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली (८:३, ६:१६, ६:१३). विनोद नाही, टोमणा नाही. "असा शास्त्रलेख आहे." जे त्याने केलं नाही ते आपण का करावं?

बढाईचं काय होतं ते प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये आहे. स्किवाचे सात मुलगे, पौल ज्याचा प्रचार करतो त्या येशूचं नाव उसनं घेऊन भुतं काढायला निघाले. दुष्ट आत्मा म्हणाला, येशू मला माहीत आहे, पौलाला मी ओळखतो, तुम्ही कोण? मग त्या एका माणसाने सातही जणांना असं बदडलं की उघडे, जखमी होऊन घरातून पळाले. फजिती कोणाची झाली ते बघा.

शाईची दौत

मोहरीदादा, अरण्यातल्या परीक्षेत विनोद नाही म्हणता? मला तरी आहे असं वाटतं, फक्त तो मत्तयाने वाचकावर सोपवलाय. मंदिराच्या शिखरावर सैतान स्तोत्र ९१ मधली ११ आणि १२ ही वचनं म्हणतो (देवदूत तुला झेलतील वगैरे) आणि तिथेच थांबतो. पुढचं तेरावं वचन काय आहे? "सिंह व नाग यांना तू तुडवशील." नेमकं तेच गाळलं! स्तोत्रं पाठ असलेल्या पहिल्या शतकातल्या माणसाला इथे हसू आलं नसेल असं मी मानायला तयार नाही.

आता इतिहास. सैतानाला हसणं हा काही आधुनिक उथळपणा नाही. चौथ्या शतकात बिशप अथानासियसने संत अंतोनीचं चरित्र लिहिलं. अंतोनी मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटातला तापस, मृत्यू इ. स. ३५६. त्यात एका थडग्यात मार खाऊन पडलेल्या अंतोनीसमोर सिंह, अस्वल, बैल, साप, विंचू, लांडगे अशी रूपं घेऊन भुतं येतात. हा वेदनेने कण्हतोय, उभं राहवत नाही, आणि त्यांना म्हणतो की तुमच्यात खरंच दम असता तर तुमच्यातला एक आला असता तरी पुरलं असतं! घोळक्याने आलात, जनावरांची सोंगं घेतलीत, हाच तुमच्या दुबळेपणाचा पुरावा. पण त्याच दमात तो म्हणतो की प्रभूने तुमची ताकद काढून घेतलीये. हे वाक्य सुटलं तर सगळंच सुटलं.

मध्ययुगात तर सैतान रंगमंचावरचा विदूषकच झाला. तितिविलस नावाचं एक भूत पोतं घेऊन फिरायचं आणि उपासनेत घाईघाईने गिळलेली अक्षरं, पुटपुटलेले शब्द गोळा करायचं, न्यायाच्या दिवशी हिशेब द्यायला. दहाव्या शतकातल्या इंग्रज संत डन्स्टनने तापलेल्या चिमट्याने सैतानाचं नाक धरलं अशी दंतकथा आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचं तर विचारूच नका. वार्टबुर्गच्या किल्ल्यात (१५२१-२२) त्याने सैतानावर शाईची दौत फेकली ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या लिखाणात नाही, नंतरची आहे. (माझं टोपणनाव तिथूनच घेतलंय, तरी सांगतो.) पण जेवणाच्या टेबलावरच्या त्याच्या नोंदवलेल्या गप्पांमध्ये सैतानाला पादून पळवल्याचे उल्लेख आहेत, ते खरे. आणि टॉमस मोर, म्हणजे इंग्लंडमधला लूथरचा कट्टर कॅथलिक विरोधक, १५३४ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना तेच लिहितो: सैतान गर्विष्ठ, त्याला टिंगल सहन होत नाही. पुढच्या वर्षी मोरचं डोकं उडवलं. दोघांचं आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं असावं.

मोहरीचा दाणा

लूथर शास्त्र नाही. मोरही नाही. डन्स्टनचा चिमटा तर नाहीच नाही.

शाईची दौत

चिमटा सोडला. अंतोनी धरून ठेवतो.

जपमाळ

कॅथलिक बाजूने थोडं लिहिते, कारण इथे दोन्ही धागे एकत्र आहेत.

पोप लिओ तेरावे यांनी १८८६ मध्ये साध्या मिस्सेनंतर (मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना) म्हणायला लावलेली संत मीखाएलची प्रार्थना घ्या. १९६० च्या दशकात ती मिस्सेनंतर सक्तीची राहिली नाही, तरी अनेकांच्या तोंडी अजून आहे. तिच्यात आपण सैतानाशी बोलतच नाही. "देव त्याला धमकावो, अशी आम्ही नम्रपणे विनंती करतो" असं आहे. म्हणजे यहूदा ९ जसंच्या तसं, वर "नम्रपणे". लढाईची प्रार्थना, पण आपण आदेश देणारे नाही, अर्ज करणारे.

चर्चने या बाबतीत लगामही घातलाय. २९ सप्टेंबर १९८५ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने बिशपांना पत्र पाठवलं, खाली कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांची सही. सैतानाविरुद्धचं लिओ तेराव्यांचं जे दुसरं, मोठं सूत्र आहे ते सर्वसामान्य श्रद्धावंतांनी वापरू नये, आणि परवानगी नसलेल्यांनी भुतांना प्रश्न विचारण्याच्या, त्यांची नावं काढून घेण्याच्या सभा चालवू नयेत, असं त्यात आहे. पोप फ्रान्सिसही पुन्हा पुन्हा सांगत: सैतानाशी संवाद करू नका. एदेनात हव्वेने केला, काय झालं माहीत आहे.

पण बाप्तिस्मा विसरू नका. तिथे प्रत्येकाला विचारतात, सैतानाचा धिक्कार करतोस का? चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल सांगतो की उमेदवार पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेकडे तोंड करून, हात पुढे करून, समोर असल्यासारखं सैतानाला "तुझा त्याग करतो" म्हणत. ऑर्थोडॉक्स विधीत आजही पश्चिमेकडे तोंड करून त्याच्यावर फुंकतात आणि थुंकतात! मग वळून पूर्वेकडे, ख्रिस्ताकडे. तिरस्कार आहे, अपमान आहे, पण एकदा थुंकून पाठ फिरवायची. तिथेच उभं राहून विनोद सांगत बसायचे नाहीत.

आणि आता माझी लाडकी आविलाची तेरेसा, सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत. आत्मचरित्रात लिहिते की सगळ्या सैतानांना मी अंगठा दाखवते. (मूळ हातवारा याहून अशिष्ट आहे.) सैतानापेक्षा मला सैतानाला फार घाबरणाऱ्यांची भीती वाटते, हेही तिचंच. पण त्याच पुस्तकात थोडं पुढे वाचा. तिला ख्रिस्ताचे दर्शन होऊ लागले तेव्हा तिच्या पापनिवेदन ऐकणाऱ्यांना वाटलं हे सैतानाचंच काम. त्यांनी तिला आज्ञा केली की दर्शन झालं की तोच हातवारा करायचा. ती आज्ञाधारक. समोर प्रभू दिसतोय आणि त्याला हिणवायचं! केलं तिने, पण अतिशय यातना होऊन. सैतान समजून आपण कोणाला हिणवतोय हे प्रत्येक वेळी आपल्याला कळतंच असं नाही. काठावरच्या दादांच्या ज्येष्ठांना कदाचित हीच धास्ती असेल.

मोहरीचा दाणा

जपमाळताई, तेरेसाचा दुसरा प्रसंग मला माहीत नव्हता. यहूदाच्या पत्रात अगदी हेच पुढे आहे: "जे त्यांना समजत नाही त्याची ते निंदा करतात." दहावं वचन.

पन्नासावा दिवस

सगळेच बचावात खेळताय. लूक १०:१९ कोणीच काढलं नाही? "साप व विंचू यांना तुडवण्याचा आणि शत्रूच्या सर्व शक्तीवर अधिकार मी तुम्हाला दिला आहे." फिलिप्पै शहरात भविष्य सांगणाऱ्या एका दासीतल्या आत्म्याला पौल "प्रभू तुला धमकावो" म्हणत बसला नाही. थेट सांगितलं, येशू ख्रिस्ताच्या नावाने मी तुला आज्ञा करतो, हिच्यातून नीघ (प्रे. कृ. १६:१८). मीखाएल देवदूत होता. आपण ख्रिस्तात आहोत, त्याच्याबरोबर वारस आहोत. मीखाएलची मर्यादा ती आपली मर्यादा कशी?

आमच्याकडे सैतान पायाखाली तुडवल्याची गाणी आहेत आणि लोक खरोखर पाय आपटून गातात. ज्याने आयुष्यभर भुताखेतांच्या धाकात काढलं त्याला पहिल्यांदा निर्भयपणे पाय आपटताना बघा, मग बोला.

अतिरेक होतो, मान्य. १९९० च्या दशकात पीटर वॅग्नर या अमेरिकन लेखकाने आणि त्याच्यासारख्या मंडळींनी दानीएल १० च्या आधारावर शहराशहरावरच्या आत्म्यांचे नकाशे काढायचं जे चालवलं, ते मलाही पटत नाही. दानीएल तर त्या अध्यायात फक्त उपास आणि प्रार्थना करतोय, पारसच्या अधिपतीशी झगडणारा देवदूत वेगळा. दानीएलाला त्या लढाईचा पत्ताही नंतर लागतो. आणि दर वाक्यागणिक "सैताना, मी तुला बांधतो" म्हणणारे बांधव मलाही भेटतात. कधीकधी वाटतं, प्रार्थनेत देवापेक्षा सैतानाचंच नाव जास्त वेळा आलं.

पण अधिकार हा अधिकार आहे.

मोहरीचा दाणा

लूक १०:२० पण वाचा ना मग. लगेच पुढचं वचन. "आत्मे तुम्हाला वश होतात याचा आनंद मानू नका, तर तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना." प्रभूने पाठवलेले सत्तर शिष्य आनंदाने परतले तेव्हा त्यांना प्रभूने हे सांगितलं.

पन्नासावा दिवस

वाचलंय. अधिकार काढून घेतला असं त्यात लिहिलेलं नाही. आनंदाची जागा बदलायला सांगितली आहे.

कुतूहल

मी ख्रिस्ती नाही, धागा आवडला म्हणून विचारतो. तुम्ही सगळे सैतान खरा आहे असं धरूनच बोलताय. सगळे ख्रिस्ती तसं मानतात का?

शाईची दौत

नाही. रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडलं की विजेचे दिवे वापरणाऱ्या माणसाला नव्या करारातल्या भुतांच्या जगावर तसाच विश्वास ठेवता येणार नाही, त्यामागचा अर्थ घ्यावा लागेल. बरेच प्रॉटेस्टंट विचारवंत त्या वाटेने गेले. उलट पोप फ्रान्सिस २०१८ च्या एका पत्रात स्पष्ट म्हणतात की सैतानाला मिथक, प्रतीक किंवा कल्पना समजू नका. पण मानणारेही त्याला देवाच्या तोडीचा समजत नाहीत. तो निर्माण केलेला, मर्यादित, ईयोबाच्या पुस्तकात तर परवानगी मागून काम करणारा. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या मते देवाच्या लगामाबाहेर तो पाऊल टाकू शकत नाही. दोन तुल्यबळ देवांचा सामना असं कोणी समजत असेल तर ते ख्रिस्ती मत नव्हे.

उशाशी बसणारी

मी आजाऱ्यांच्या भेटीचं काम करते, मंडळीतर्फे. इथे मोर, मीखाएल सगळं वाचलं. पण लूथर हसला कधी आणि कोणासाठी, हे कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

१५३० चं साल. लूथर कोबुर्गच्या किल्ल्यात आहे आणि येरोम वेलर नावाच्या तरुणाला पत्र लिहितो. वेलर लूथरच्या मुलांना शिकवायचा, त्यांच्याच घरी राहायचा आणि खोल उदासीने ग्रासलेला होता. लूथर त्याला सांगतो की एकटा बसू नकोस. माणसांत जा, गप्पा मार, थट्टामस्करी कर, थोडी जास्त पी. सैतान म्हणाला पिऊ नकोस, तर म्हण, तू नको म्हणतोस म्हणूनच पिणार. पुढे जाऊन तो असंही म्हणतो की सैतानाला खिजवायला एखादं बारीकसं पापही करावं, म्हणजे बारीकसारीक गोष्टींवरून मनाला टोचणी लावायला त्याला जागा उरणार नाही. यावर आजतागायत लोक भांडतात, भांडावंच. मला स्वतःला हा सल्ला कोणालाही देववणार नाही, पिण्याचा तर मुळीच नाही.

पण पत्राचा शेवट बघा. सैतान तुझी पापं तुझ्या तोंडावर फेकून म्हणाला की तुला मृत्यू आणि नरक हेच योग्य, तर म्हण: हो, कबूल आहे, मग काय? माझ्यासाठी ज्याने सोसलं आणि फेडलं तो मला माहीत आहे. त्याचं नाव येशू ख्रिस्त. जिथे तो, तिथे मी.

हा टोमणा आरोप नाकारत नाही. कबूल करतो आणि मग निष्प्रभ करतो. प्रकटीकरण १२:१०-११ मध्ये सैतानाचं काम काय? रात्रंदिवस आरोप करणं. त्याला जिंकतात ते कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, रक्ताने. स्वतःच्या हजरजबाबीपणाने नव्हे.

ज्याला हे हसणं सुचवायचं तो माणूस कसा आहे ते आधी बघा. अंथरुणातून उठू न शकणाऱ्या मुलीला "सैतानाला हसून पळव" म्हणून गेलेले लोक मी पाहिलेत. तिला वाटलं, मला हसताही येत नाही म्हणजे माझ्यात विश्वासच नाही. तिला डॉक्टर हवा होता, गोळ्या हव्या होत्या, त्या मिळाल्या, आणि शेजारी कोणी तरी हवं होतं. कॅथलिक प्रश्नोत्तरीत तर भूत काढण्याआधी आजार नाही ना याची खात्री करा असं स्पष्ट आहे (परिच्छेद १६७३). लूथरनेही वेलरला एकटं लढायला पाठवलं नाही. माणसांत पाठवलं.

जपमाळ

उशाशीताई, हे लिहिल्याबद्दल आभार. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा, आत्म्यांची पारख करण्याबद्दलचा तेरावा नियम याच्याशी जुळतो: शत्रूची इच्छा असते की त्याचं कुजबुजणं गुपित राहावं. एका शहाण्या माणसाला सगळं सांगून टाकलं की त्याचा डाव फसला. अडवणं ते हेच.

पन्नासावा दिवस

याकोब ४:७ चा पहिला अर्धा भाग मी नेहमी घाईत म्हणतो, हे वाचताना जाणवलं. "देवाच्या अधीन व्हा," मग "अडवा." १ पेत्र ५ मध्येही आधी देवाच्या हाताखाली लीन व्हा, चिंता त्याच्यावर टाका, मग गर्जणारा सिंह येतो. अधिकाराबद्दलचं माझं मत तेच आहे. पण आज्ञा करणारा स्वतः कोणाच्या आज्ञेत आहे हे स्किवाच्या पोरांकडे नव्हतं, एवढं मोहरीदादांना देतो.

काठावरचा

सगळ्यांचं वाचलं, ज्येष्ठांशीही पुन्हा बसलो. शिंगं आणि शेपूट काढून टाकतोय. कारण भीती नाही. २ करिंथ ११:१४ प्रमाणे तो तेजस्वी देवदूताचं रूप घेतो, आणि आमचा शिंगवाला बघून मुलं भलत्याच कोणाला तरी हसून घरी जातील. नवं पात्र नीटनेटकं, गोड बोलणारं, वचनं तोंडपाठ. फक्त दर वेळी वचन अर्ध्यावर तोडतं, आणि उरलेलं अर्धं मुलांनी ओरडून पूर्ण करायचं. कल्पना अर्थात शाईच्या दौतीच्या स्तोत्र ९१ वरून ढापली. ज्येष्ठ हे ऐकून पहिल्यांदा हसले, पण नाटकात सैतानाला नावं ठेवायची नाहीत ही अट कायम.

शाईची दौत

ढापा बिनधास्त. एक इशारा मात्र. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी नीतिनाटकात नट मध्येच थांबून प्रेक्षकांकडून पैसे गोळा करतात, तितिविलसला रंगमंचावर बघायचं असेल तर टाका म्हणून. लोक टाकत. पात्र फार रंगलं की मुलं त्याचीच वाट बघत बसतील. त्याला कमी वाक्यं द्या.

मोहरीचा दाणा

वचन पूर्ण करणं चालेल. तेच प्रभूने केलं.

शेवट कसा करताय? "कायमचा पळाला" असं लिहू नका. लूक ४:१३ बघा, "संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला" असं आहे. तो आत जाताना दार उघडं राहू दे.

काठावरचा

दार नाहीये आमच्याकडे, पडदा आहे. अर्धा ओढू.